भाताचं आधण आणि कुर्लीचा बावटा

काशीने तांदूळ धुतलेलं पाणी माडाच्या आळ्यात ओतलं, टोप तसाच कमरेवर धरून ती पडवीत आली आणि कपाळावर आडवा हात ठेवून खाडीच्या तोंडाकडे बघू लागली. टेकडीच्या नाकाशी काही नव्हतं. ती आत गेली, शेगडी पुसली, पुन्हा बाहेर आली. तेवढ्यात टेकडीआडून एक निळं फडकं पुढे सरकलं. त्यावरची पांढरी कुर्ली खेकड्याच्या नांग्या वाऱ्यावर हलवत होती. काशीने सोडलेला श्वास माडावरच्या कावळ्यालाही ऐकू गेला असेल. तिने आत जाऊन भाताला आधण ठेवलं.

टेकडीच्या नाकापासून साखरखोलच्या धक्क्यापर्यंत बोट यायला जेवढा वेळ लागे, तेवढाच भात शिजायला लागे. ही सोय कोणी केली ते ठाऊक नाही, पण रघूच्या आजीपासून त्या घरातला भात याच घड्याळावर शिजत आला होता. रघूला वाफाळता भात लागे. गार भात पुढे आला तर तो बोलत काहीच नसे. नुसता भाताकडे बघत बसे, आणि काशीला त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

फोन करून विचारता आलं असतं. पण टेकडीमागे रेंज नव्हती, आणि टेकडीपुढे आल्यावर रघू फोन उचलत नसे. सुकाणू धरलेल्या माणसाने बायकोला ‘आलो, आलो’ म्हणणं त्याला शोभत नसे. त्यासाठी बावटा होता.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता आणि दर पावसाळ्यात तो जागा बदलायचा. त्यातून वाट काढणं रघूला जमायचं, म्हणून त्याची बोट पुढे, आणि मागून ओळीने बाकीच्या. अलीकडच्या साखरखोलच्याही, आणि खाडीपलीकडच्या पारवाडीच्याही. सगळ्या बोटींना रंग सारखाच. त्यात टेकडीसमोरून मिरकरवाड्याचे ट्रॉलरही जात-येत असत. काशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तिला लांबून एवढीच एक कुर्ली ओळखू यायची.

असं सगळं बरं चाललेलं असताना अनिलराव मुंबईहून निवृत्त होऊन गावी आले.

त्यांनी धक्क्यावरच्या उंचवट्यावर बंगला बांधला, गॅलरीत आरामखुर्ची टाकली आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांना इतिहास दिसला. दुसऱ्या दिवशी ते रघूला गाठायला धक्क्यावर उतरले. रघू फाटलेलं जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून शिवत बसला होता.

“रघू, तुझ्या बोटीवर काय आहे, कल्पना आहे का तुला?”

“बावटा.”

“अरे, तुमच्या घराण्यातल्या विसाजी सारंगाचा बावटा आहे तो! तीनशे वर्षं जुना!”

“नाय ओ,” रघू म्हणाला. “गेल्या गणपतीत शिवलान हिनं.”

ते खरंच होतं. वारा दर वर्षी बावटा फाडायचा आणि काशी दर वर्षी नवा शिवायची. शिवताना पाय फार किचकट लागत, म्हणून तिच्या कुर्लीचे पाय हळूहळू कमी होत सहावर आले होते. अनिलरावांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी रत्नागिरीहून साटीनचा भला मोठा बावटा छापून आणला. त्यावरच्या कुर्लीला सगळे पाय होते, शिवाय मिशाही होत्या. माघातल्या जत्रेला धक्क्यावर लोखंडी खांब उभारायचा, त्यावर हा बावटा चढवायचा, खाली दिवा लावायचा, हार घालायचा, असं ठरलं. म्हणजे अनिलरावांनी ठरवलं.

बातमी खाडी ओलांडणाऱ्या तरीतून पलीकडे गेली आणि पारवाडी पेटली. कारण विसाजी सारंग हा माणूस साखरखोलच्या सांगण्याप्रमाणे फिरंग्यांशी लढला होता, आणि पारवाडीच्या सांगण्याप्रमाणे त्याच फिरंग्यांकडून तोफेची दारू घेऊन त्याने पारवाडीच्या साऱ्या होड्या एका रात्रीत जाळल्या होत्या. तिथे अजूनही पोर रडायला लागलं की ‘गप, विसाजी येतोय’ म्हणत. दोन्ही गोष्टी खऱ्या असण्याची शक्यता होती, पण ती कोणाच्याच सोयीची नव्हती.

पारवाडीतर्फे मासे विकणाऱ्या मथुराबायचा मुलगा चिराग उभा राहिला. तो रघूच्या मागच्याच बोटीवर होता. रोज त्याच बावट्याच्या मागून घरी यायचा. पण आता तो धक्क्यावर उभा राहून मोबाइलसमोर म्हणाला, “हा बावटा दिसला की आमच्या काळजात कळ येते.” अनिलरावांनी गॅलरीतून उत्तर दिलं. गावाचा व्हॉट्सअ‍ॅप गट एक होता, त्याचे दोन झाले, दोनाचे चार झाले, आणि प्रत्येक गटात बाकीच्या गटांचा एकेक माणूस निष्ठेने बसून राहिला.

शेवटी हवालदार आले. ते समजूतदार गृहस्थ होते. त्यांनी दोन्हीकडचा इतिहास ऐकून घेतला, दोन्हीकडचा चहा घेतला आणि सांगितलं, “सभा होऊन काय ते ठरेपर्यंत कुर्ली कुठेच दिसता कामा नये.”

मग नाक्यावरच्या खानावळीच्या पाटीवर ‘कुर्ली मसाला’चं चित्र होतं, त्यावर वर्तमानपत्र चिकटवलं गेलं. आणि रघूच्या बोटीवरचा बावटा उतरला.

त्या संध्याकाळी काशीने टेकडीच्या नाकाशी बोट बघितली आणि भात टाकला. ती बोट सरळ मिरकरवाड्याकडे निघून गेली. रघू आला तेव्हा भाताचं पिठलं झालं होतं. दुसऱ्या दिवशी ती शहाणी झाली आणि थांबली. रघू हातपाय धुऊन पाटावर बसला तरी तांदूळ टोपातच होते. तिसऱ्या दिवशी समुद्रावर धुकं होतं. अंधार पडला तरी काशी पडवीतच उभी होती, दिवा लावायचं विसरून, भिजलेल्या तांदळात बोटं तशीच बुडवून. रघूने पायरीवर येऊन विचारलं,

“दिवा गेलाय काय गो?”

“नाय,” ती म्हणाली, आणि बोटं पदराला पुसली. बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली झाली होती. रघूने ती बघितली. त्या रात्री तो भाताकडे बघत बसला नाही. गार होता तसा जेवला. काशीला त्याचीच जास्त काळजी वाटली.

सकाळी ती तरीत बसून पारवाडीला गेली. मथुराबाय अंगणात बोंबील वाळत घालत होती. गेली कित्येक वर्षं दोघी बाजारात शेजारी टोपली लावत आणि एकमेकींची गिऱ्हाइकं पळवत, त्यामुळे ओळख पक्की होती.

“ये गो बाय,” मथुरा म्हणाली. “विसाजीची सून आली. होडी जाळायला आलीस की काय?”

“काडेपेटी आणायची विसरले.” काशी पायरीवर टेकली. “मथुराबाय, तुझ्या चिरागला जरा सांग. तो बावटा दिसला नाय तर मला कळत नाय, हे आले की नाय. भात कधी टाकू मी?”

मथुराने हातातला बोंबील दोरीवर टाकला. मग दुसरा टाकला. मग म्हणाली,

“तुलाच काय ती चूल हाय?”

“म्हंजे?”

“अगो, चिराग तुझ्या नवऱ्याच्या मागच्याच बोटीवर असतो. माझ्या सासूनं मला दाखवलेला तो बावटा. म्हणाली, हा त्या मेल्याचा बावटा, आपल्या होड्या जाळलान त्यानं. दिसला की थुंकायचं. थुंकलीस की आत जायचं आणि भात टाकायचा.” मथुराने पदराने तोंड पुसलं. “लग्न झाल्यापासनं रोज थुंकत्येय. तीन दिवस झाले, थुंकू कशावर? आमचा भात करपतोय नायतर कच्चा ऱ्हातोय. सगळ्या वाडीचा.”

काशीने आधी तोंडावर पदर धरला. मग तो खांद्यावरून घसरला तरी तिला सावरता येईना. मथुराही हसत हसत खाली बसली, आणि एक मांजर तेवढ्यात दोन बोंबील घेऊन गेलं.

सभा देवळाच्या सभामंडपात झाली. अनिलराव अस्मितेवर बोलले. चिराग जखमेवर बोलला. दोघेही छान बोलले, पण टाळ्या मात्र हलक्या पडल्या, कारण दोन्ही वाड्यांतले पुरुष चार दिवस अर्धपोटी होते आणि आपण का चिडलो आहोत हे त्यांना नीटसं आठवत नव्हतं. चिराग म्हणाला, “मी परत सांगतो, तो बावटा दिसला की आमच्या काळजात...”

“काळजात नाय रे, पोटात,” मागून आवाज आला. “ती भूक असते.”

मथुरा पुढे आली. तिच्या मागे पारवाडीच्या बायका होत्या, आणि त्यांच्यात काशीही होती. मथुराने पदराखालून टोप काढला, हवालदारांसमोर ठेवला आणि झाकण उचललं. आतला भात वरून कच्चा होता आणि खालून काळा. हवालदारांनी वाकून बघितलं आणि लगेच सरळ झाले.

“साहेब, ऐका,” मथुरा म्हणाली. “धक्क्यावर खांबाला बावटा नको. तिथं लावलात की हे हार घालणार, नारळ फोडणार. आमच्या होड्या जाळलान त्यानं, त्याला हार नाय.”

पारवाडीच्या पुरुषांनी जोरात माना हलवल्या.

“पण रघूच्या बोटीवर ऱ्हाऊदे.”

माना हलायच्या थांबल्या.

“आई!” चिराग म्हणाला.

“गप. खांबावर तो मानाचा होईल. बोटीवर तो कामाला हाय. होड्या जाळलान ना? आता रोज संध्याकाळी त्या सुखरूप आल्या की नाय, ते सांगायचं. फेडूदे मेल्याला. आमच्या सासवांनी त्याला कामाला लावलंय, तुम्ही कोण काढणार?”

अनिलरावांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने, योगिनीताईंनी, त्यांच्याकडे फक्त बघितलं. त्याही गॅलरीतून बावटा बघूनच भात टाकत, हे त्यांनी आजवर अनिलरावांना सांगितलं नव्हतं. गॅलरीचा तेवढा एकच उपयोग होता.

हवालदारांनी टोपावर झाकण ठेवलं आणि म्हणाले, “मग ठरलं असं समजतो.” इतक्या लवकर मिटलेलं प्रकरण त्यांच्या नोकरीत दुसरं नव्हतं.

जत्रा जोरात झाली. लोखंडी खांब रोवून झालेलाच होता, तो काही कोणी काढला नाही. त्यापासून देवळाच्या पिंपळापर्यंत अलीकडच्या बायकांनी दोरी बांधली आणि त्यावर बोंबील वाळत घातले. साटीनचा बावटा योगिनीताईंनी बोंबलांवर झाकायला दिला. कावळे त्या मिशांना फार बिचकत.

काशीने नवा बावटा शिवला. या वेळी पाय सगळे घालायचे असं ठरवून बसली होती, पण सहावर आल्यावर तिला कंटाळा आला.

तो बोटीवर चढला त्या पहिल्या संध्याकाळी ती टोप कमरेवर घेऊन पडवीत आली. टेकडीच्या नाकाशी काहीतरी निळं हललं. तिने डोळे बारीक केले. बावटाच होता बहुतेक. किंवा नुसतं पाणी. मधल्या दिवसांत मोतीबिंदू आणखी उतरला होता की काय कोण जाणे. ती आत वळली नाही. तिने मान फिरवून खाडीपलीकडे बघितलं. खाडी अरुंद होती, तेवढं तिला स्वच्छ दिसायचं.

पारवाडीत मथुरा उंबऱ्यात उभी होती. तिने कपाळावर हात धरला, टेकडीकडे नीट निरखून बघितलं आणि अंगणात जोरात थुंकली.

काशीने आत जाऊन आधण ठेवलं.