मेलेल्या कोकराचं कातडं

कातड्याची आतली बाजू अजून ओली — माशी बसते, उठते, पुन्हा तिथंच... सत्यशीलानं हातमोजा मनगटापर्यंत ओढला. आई हसेल, असं तिला वाटलं. आई हसली नाही.

औंढा गावाच्या अलीकडं, हळद काढून मोकळ्या झालेल्या रानात मेंढरं बसली होती. सकाळी एक कोकरू तापानं गेलं. दुसऱ्या एका कोकराची आई कालच मेलेली. ते ठणठणीत, पण बाटलीला तोंड लावत नव्हतं. मेलेल्याचं कातडं जिवंत कोकराला बांधायचं, मग लेकरू गेलेली मेंढी वास घेते, आपलंच समजते, पाजते... लहानपणी कोकराला घट्ट धरायचं काम सत्यशीलाचं असायचं. आई गाठ मारायची.

विषाणूही पेशीतून निघताना तिचंच पातळ आवरण अंगावर ओढून घेतो. शरीराचे पहारेकरी हुंगतात — आपलाच — आणि काही काळ तरी गप्प बसतात. या फसण्याचाच तर सत्यशीलाचा अभ्यास, पुण्यात, बंद खोलीत, इतकी वर्षं.

पण हे कोकरू कशानं गेलं? नमुना बर्फाच्या डब्यात होता, निकालाला वेळ होता. विषाणू असला तर तो या कातड्यातही असणार. आणि कातडं नसलं तर —

"बांधू का न्हाई? तुमी सांगा," आई म्हणाली.

तुमी. कधीपासून? धाकट्या भावाला, संतरामला, ती अजून टोणग्या म्हणते. तो तिकडून हसत होता, "ताई, मोजे घालूनच जेवनार का काय?"

"नको बांधू, आई."

आता भांडेल. तुला काय कळतंय, आमी जल्मभर हेच केलं, म्हणेल, आणि गाठ मारून मोकळी होईल... भांड ना.

आईनं कातडं खड्ड्यात टाकलं, पायानं माती लोटली.

"बराबर हाय. तुमी शिकलेल्या," आणि मेंढीकडं वळून, "ऐकलं का गं? डॉक्टरीनबाई नको म्हनतेत."

मेंढीनं कोकराला हुंगलं. एकदाच. मग ढुशी दिली.

सत्यशीलानं ते थरथरतं अंग छातीशी धरलं. मेंढी फसावी, असं तिला वाटत होतं — पहाऱ्यावरचं कुणीतरी एकदा, फक्त एकदा, फसावं. आई चार हातांवर पाठमोरी उभी होती.

वारा आपला वास घेऊन आईकडं जातोय का, हे सत्यशीला पाहू लागली.