थकलेला लाकडी बैल

आरमोरीच्या देवाजी मास्तरांनी निवृत्तीनंतर बालस्वभावावर पुस्तक लिहायला घेतलं. मुलांचे सगळे प्रकार पाडून झाले होते. फक्त 'बुजरी मुलं' या प्रकरणाला एक जिवंत उदाहरण हवं होतं. त्याच आशेनं ते अठ्ठ्याण्णवच्या तान्ह्या पोळ्यात परीक्षक झाले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं आपापले लाकडी बैल सजवून चौकात आणतात, तसे आणले होते. एका बैलाला तर चष्माही होता. रांगेच्या टोकाला बाबूभाई सुतारांची आफ्रीन मात्र उघडाबोडका बैल घेऊन, मान खाली घालून बसली होती. मास्तरांना मनापासून आनंद झाला. ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"काऊन वं, सजवला नाई? भेव लागते का लोकायचा?"

"हळू बोला, मास्तर," ती कुजबुजली. "काल मोठ्या बैलायसंग दिवसभर फिरला तो. झूल, बाशिंग, सारं अंगावर. आज झोपला."

"मंग आणला कायले?"

"घरी एकटाच जागा झाला तं घाबरन ना."

मास्तर पाय न वाजवता उठले. मग त्यांनी पहिलं बक्षीस तिला जाहीर केलं, तेही दबक्या आवाजात, आणि टाळ्यांना सक्त मनाई केली. चष्मेवाल्या बैलाचे वडील तावातावानं पुढे आले. पण आफ्रीननं ओठांवर बोट ठेवताच चवड्यांवर मागे गेले.

घरी येऊन मास्तरांनी 'बुजरी मुलं' हा मथळा खोडला. दुसरा सुचेना. शेवटी त्यांनी तिचं नाव लिहिलं आणि पान भरेपर्यंत जेवायला उठले नाहीत.