एक पाय उघडा

मी भिलाईच्या सिविक सेंटरातल्या नरहरीशेठच्या बुटांच्या दुकानावरची खार बोलतेय. झाडावरची नव्हे हो, टिनाच्या पाटीवरची. जन्म दुकानदाराच्या घरचा, तेव्हा थोडं बोलणं आलंच.

सत्तर साल नुकतंच सरलं होतं. सुखराम पेंटरनं मला काढलं ते अगदी खऱ्या खारीसारखं: लांब तोंड, बारीक डोळे, बाहेर आलेले दात. एका पायात लाल बूट रंगवला आणि ओरडला, "सेठ, लाल सिरा गे!" डबा रिकामा, मुहूर्त तोंडावर. दुसरा पाय उघडाच राहिला.

येणाराजाणारा विचारी, "नरहरीभाऊ, हिचा दुसरा बूट कुठी हाय?"

"आतमंदी हाय. या, दाखवतो!"

आत गेलेला माणूस रिकाम्या हातानं परतत नसे. मग शेठ तो पाय कशाला रंगवू देतो!

बाकी मी मात्र बदलत गेले. जवळच्या उतई गावचं एक पोरगं मला पाहून भोकाड पसरलं, "चावते!" पुढच्या दिवाळीला माझे दात गेले, तोंड मिटलं. सायकलवरून जाणाऱ्याला लांबून दिसावेत म्हणून डोळे मोठे झाले. पाच बोटं काढली की हात खेकड्यासारखा दिसतो, म्हणून सुखरामनं चारच ठेवली. शेजारच्या रमाकाकू म्हणाल्या, "बूट हाय अन् चड्डी नाही? काय बाई!" चड्डी आली. नाक आखूड झालं, गाल फुगले. गंमत बघा, माणसं म्हातारी होत होती आणि मी दर दिवाळीला लहान होत होते. असं का, याचा मी अजून विचार करते. बहुधा गिऱ्हाइकाला आपल्या लेकरासारखं काहीतरी दिसलं की त्याचा पाय अडखळतो.

त्या पायानंच एकदा घात केला. कॉलनीतल्या आया दिवाळीच्या गर्दीत शिरण्याआधी पोरांना बजावत, "हरवला तं एका बुटाच्या खारीखाली उभा राह्यजो." त्या वर्षी शेठ मालासाठी नागपूरला गेले होते. त्यांना खूश करावं म्हणून सुखरामनं सकाळी मला दुसराही बूट घालून टाकला. संध्याकाळी शेठ परतले ते थेट गल्ल्यावर बसले. वर बघतो कोण?

तेवढ्यात विजयाबाई धावत आल्या. "शेठ, आमची नलू आली का इकडं?" मग त्यांची नजर वर गेली. "हे काय? मी तिले एका बुटाची खार सांगितली होती!"

नलू पाच वर्षांची. मला ती मघाशीच दिसली होती. दुकानासमोरून गेली, माझ्या पायांकडे पाहिलं आणि पुढं निघून गेली. ओरडावं म्हटलं, तर तोंड सुखरामनं कधीच मिटवलेलं.

शेठनं घासलेटात चिंधी बुडवली, स्टूल ओढलं आणि ओला बूट खसाखसा पुसायला लागले.

"का करत हव सेठ!" सुखराम धावत आला.

"चूप बे! पोरगी हरवली हाय!"

शेठ स्टुलावर, हात लालेलाल. तमाशा बघायला गर्दी जमली. त्या गर्दीच्या पायांमधून नलू आली, माझा उघडा पाय न्याहाळला आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. विजयाबाईंनी आधी एक चापट दिली, मग छातीशी धरलं. नलू हुंदके देत म्हणाली, "बूट कावून घातला होता तिनं? मी कितीदा आली!"

शेठ सुखरामला म्हणाले, "गाल फुगव, डोळे वाढव, पाह्यजे तं चष्मा लाव. हा पाय सोड."

आता घरोघरी रंगीत टीव्ही आलाय. दुकानावर दिव्याची प्लास्टिकची पाटी लागली. तिच्यावरच्या नव्या खारीचं चित्र दाखवायला आणणारा म्हणत होता, "अंकल, एक जूता अधूरा लगता है." बाकावर आपल्या लेकीला सँडल घालून बघणारी बाई ताडकन उठली. तीच नलू, आता स्मृति नगरला राहणारी! "अधूराच राहू दे भाऊ." नवीचाही एक पाय उघडाच राहिला.

आता मी आत, बाकावरच्या भिंतीला असते. रंगाचे पोपडे निघतायत, खालून ते जुने दात डोकावतायत. नलूच्या लेकीनं मला पाहिलं, बाहेर जाऊन नवीला पाहिलं, परत आली. "मम्मी, असली कौन सी?"

"पाय पाह्य."

तेव्हा रंगवणाऱ्यांनो, आमचे गाल हवे तेवढे फुगवा. फक्त कुणीतरी गर्दीतून पाय बघत येत असतं, एवढं ध्यानात ठेवा.