बुडाखालचं गोणपाट

मित्रांनो, मी एक जुना खलबत्ता आहे आणि मला स्वस्थ बसता येत नाही. कुटायला जन्मलो, बसून काय राहू! साताऱ्याकडच्या पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं आणि मानसिंगने खांद्यावरून नवी मुंबईत आणलं. मानसिंग मार्केटात माथाडी, पाठीवर गोणी वाहणारा. त्र्याण्णव साली त्याला कोपरखैरण्यात घर मिळालं. त्याची बायको सत्यभामा रोज सकाळी माझ्यात ठेचा कुटायची. काय दिवस होते ते!

पण खालच्या मजल्यावर मैना राहायची. तिचा नवरा धर्मा जवळच्या पावणे गावातल्या कारखान्यात रात्रपाळीला. तो सकाळी झोपायचा, आणि त्याच्या डोक्यावर माझं धाडधाड. एकदा मैना वर आली. "वयनी, आमचा मानूस रातभर जागा हाय. जरा हलू कुटा ना!"

हळू कुटायचं? ते कसं असतं हो? मग मिक्सर आला आणि मी ओट्याखाली, कांद्याच्या टोपलीमागे गेलो. तिथे नुसता धुमसत होतो.

मिक्सरचं पातं पाण्याशिवाय फिरेना, आणि फार फिरलं की लसूण-कोथिंबीर कडवट व्हायची. सत्यभामा वरून साखर टाकून ते झाकायची. पुढे मानसिंगला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी साखर बंद केली आणि तो कडवटपणा उघडा पडला. डबा तसाच परत येऊ लागला. "तोंडात जात न्हाई ह्ये," मानसिंग म्हणायचा. गोळी मात्र घ्यायचा. उपाशीपोटी गोळी! अरे, मला बाहेर काढा, मला काढा! मी तळमळत होतो, पण दगडाचं ऐकतो कोण?

शेवटी मार्केटात त्याला चक्कर आली. सोबत्यांनी धरून घरी आणलं. पाठीवर टाकायचं त्याचं गोणपाट खिळ्याला लटकलं. "न जेवता गोळी घेऊ नका, जिवावर बेतेल," डॉक्टरांनी बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामा ओट्याखाली वाकली आणि मला ओढून काढलं.

"आवाज हुईल," मानसिंग म्हणाला. "खाली धर्मा झोपलाय."

"त्यो झोपंल, पन तुमी जेवनार कवा?" सत्यभामा म्हणाली.

मानसिंग भिंतीला धरून उठला. खिळ्यावरचं गोणपाट काढलं, घडी करून माझ्या बुडाखाली सरकवलं. "आता कुट."

तव्यावर भाजलेल्या मिरच्या, लसूण, मूठभर शेंगदाणे, मीठ, कोथिंबीर. मी आणि माझा बत्ता नुसते तुटून पडलो! जाडसर कुटून तिने ते घट्ट दह्यात कालवलं. चहा उकळेपर्यंत सगळं तयार. साखरेचा कणही नाही. मानसिंगने काकडीची फोड त्यात बुडवली, खाल्ली, थांबला. मी श्वास रोखून धरला.

"भाकरी हाय का गं?" त्याने विचारलं. सत्यभामाने पदर डोळ्यांना लावला. खालून कुणीही वर आलं नाही.

महिनाभर मानसिंग घरीच होता आणि रोज असंच चाललं. मग एका सकाळी मानसिंगने मला अलगद उचललं, खालचं गोणपाट ओढलं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं. डबा घेतला आणि मार्केटाला निघाला. मी गार फरशीवर उघडा पडलो. मित्रांनो, मी इतका चिडका, पण त्या दिवशी मला रागच येईना.

तुमच्या घरात कुणाचा डबा तसाच परत येत असेल, तर एकदा ओट्याखाली वाकून बघा. माझा एखादा भाऊ तिथे तळमळत असेल.