न मोजलेला आंबटपणा

दर्शना मुरबाडच्या एका कारखान्यात, तयार पास्त्याच्या पाकिटात जाणाऱ्या टोमॅटो सॉसचा आंबटपणा तपासायची. तो कमी पडला तर बंद पाकिटात विषारी जंतू वाढू शकतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एका सोमवारी आंबटपणा मोजायचा मीटर बंद पडला. टेम्पो दारात उभा होता, म्हणून तिनं नोंदवहीत कालचाच आकडा लिहून टाकला.

त्या दिवसापासून तिला जेवण जाईना. पेजेलासुद्धा सॉसचा वास यायचा. डोळे मिटले की फुगलेली पाकिटं दिसायची.

गुरुवारी धसईच्या बाजारात सकुमावशीच्या पिशवीत त्याच सोमवारच्या तारखेचं पाकीट दिसलं. दर्शनानं ते काढून घेतलं.

"काय झालं गो?" मावशीनं विचारलं.

"यातला सॉस मी तपासलाच नाय, मावशी."

"मंग मला काय सांगतेस? सायबाला सांग."

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं. माल परत मागवला गेला, तिची नोकरी गेली. परत आलेल्या पाकिटांतला सॉस चांगला निघाला. पण दोन खोकी परत आलीच नाहीत. अजूनही गावात कुणी आजारी पडलं, की दर्शना त्यांच्या दारात जाऊन हळूच विचारते, "काय खाल्लं होतं?"