साहेबाची शिवी

नाव बेबी असलं म्हणून बेबीताई रणपिसेंना कुणी हलक्यात घ्यायची सोय नव्हती. येरवड्याच्या महापालिका शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या आणि इंग्रजीचा तास हट्टाने स्वतः घ्यायच्या. कुणा पोराच्या तोंडून 'ब्लडी' निघालं की तास संपेपर्यंत तो वर्गाबाहेर; मग तो नगरसेवकाचा भाचा का असेना! निवृत्त झाल्या तरी बाईंचा तोरा तोच. सिंगापूरला मुलाकडे, उज्ज्वलकडे आल्या आणि दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये फोनवर तोंड सोडलेल्या एका अनोळखी पोराला त्यांनी "लँग्वेज!" म्हणून दम भरला. पोरगं बिचारं "सॉरी आंटी" म्हणून पुढच्याच मजल्यावर उतरलं.

या कडकपणाला कारण होतं. त्यांचे यजमान उत्तमराव पाटबंधारे खात्यात कारकून होते. एकदा त्यांच्या साहेबाने सगळ्यांदेखत त्यांना घाणेरडी शिवी दिली आणि उत्तमराव नुसते हसले. काय करणार, पोटाचा प्रश्न होता! पण ते हसणं त्यांच्या जिवाला लागलं. पुढे कित्येक वर्षं, चांगल्या गप्पा चालल्या असताना मध्येच म्हणायचे, "बेबी, मी तेव्हा हसायला नको होतं." तेव्हापासून बेबीताईंनी उज्ज्वलच्या मागे एकच घोषा लावला होता. शिवी द्यायची नाही, आणि कुणी दिली तर ऐकून घ्यायची नाही.

आता उज्ज्वल हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत सॉफ्टवेअरचं काम बघत होता. सून प्रियदर्शिनी वन-नॉर्थ भागात एका प्रयोगशाळेत संशोधक. नात आर्या चौथीत, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी, पण आजीच्या कुशीत झोपणारी. घर नीटनेटकं, नवराबायकोचं गूळपीठ. बेबीताई खूश होत्या. एकच गोष्ट मनाला टोचत होती. परका मुलूख, नोकरीच्या पासावर राहायचं, नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा. अशा ठिकाणी कुणी काही बोललं तर आपलं पोरगं मान वर ठेवतं ना? विचारलं की तो म्हणायचा, "मस्त चाललंय गं आई." मस्त तर उत्तमरावही म्हणायचे! परत जाण्याआधी एवढं एक कळलं असतं तर त्या निर्धास्त विमानात बसल्या असत्या.

आणि रविवारी उज्ज्वलचे साहेब जेवायला आले. कॉलिन नावाचा ऑस्ट्रेलियन गडी, दारात वाकून यावं लागेल एवढा उंच. आल्याआल्या त्याने बूट काढले, हात जोडले आणि वाकड्यातिकड्या उच्चारात "जय भीम" म्हणाला. बेबीताई तिथेच विरघळल्या. मटणाचा रस्सा, भाकरी, खर्डा असा बेत होता. गडी घाम पुसत, नाक ओढत, हाताने जेवत होता. पाहुणा असा जेवला की वाढणारीचं निम्मं पोट भरतं.

तिसऱ्या भाकरीला त्याने उज्ज्वलच्या पाठीत सणसणीत धपका घातला. "मॅडम," तो इंग्रजीत म्हणाला, "तुमचा मुलगा म्हणजे एक नंबरचा क्लेव्हर बास्टर्ड आहे! आमची सगळी यंत्रणा ठप्प झाली होती, आम्ही डोक्याला हात लावून बसलो होतो आणि या बास्टर्डने एका दुपारीत सगळं मार्गी लावलं!"

बेबीताईंच्या हातातला डाव हातातच राहिला. ज्याच्या बापाचा पत्ता नाही त्याला म्हणायचा तो शब्द. आईच्या समोर! भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी उत्तमरावांचा फोटो असताना!

त्यांनी उज्ज्वलकडे पाहिलं. तो हसत होता.

बेबीताई डाव ठेवून स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाचच नळ सोडून उभ्या राहिल्या. प्रियदर्शिनी धावत मागे आली, तिच्या मागे आर्या.

"आई, त्यांच्याकडे तो शब्द लाडाने म्हणतात हो. जवळच्या मित्रालाच म्हणतात."

"लाडाने थोबाडीत मारली तरी गालच लाल होतो!"

"आजी, सगळीकडे सेम नसतं लाह," तिथल्या पोरांसारखं वाक्याला 'लाह' जोडत आर्या मध्ये पडली. शाळेत जगभरची पोरं, त्यामुळे या विषयात तिचा अभ्यास दांडगा. "आमच्या वर्गातला ऑस्ट्रेलियन मुलगा 'ब्लडी' असं म्हणतो जसं आपण 'खूप' म्हणतो. लंडनची मिस ते ऐकून डोळे मोठे करते. अमेरिकन मुलीला तर ते फनी वाटतं, पण तिच्या ग्रँडमासमोर नुसतं 'डॅम' म्हण, झालं! आणि इथली टीचर दोन्हीला ओरडते."

"तुम्हाला शाळेत हेच शिकवतात का गं?" बेबीताई कडाडल्या. पण नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि बाहेर आल्या. मनात ठेवून कुढत बसणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"मिस्टर कॉलिन," त्या वर्गात बोलायच्या त्याच इंग्रजीत म्हणाल्या, "हा फोटो उज्ज्वलच्या वडिलांचा. त्यांच्याशी मी जन्मभर संसार केला. याचे वडील कोण, याबद्दल या घरात कुणालाही शंका नाही."

कॉलिनचा घास तोंडाशीच थांबला. मानेपासून कपाळापर्यंत तो लालबुंद झाला आणि रस्स्याचा हात तसाच घेऊन उभा राहिला. "मॅडम, माझ्या गावी मी हे माझ्या सख्ख्या भावाला म्हणतो. पण हे माझं गाव नाही. चुकलो. माफ करा." आणि फोटोकडे वळून म्हणाला, "तुम्हीही माफ करा, सर."

अशी सरळ माफी बेबीताईंनी भल्याभल्यांकडून ऐकली नव्हती. राग निम्मा उतरला, पण उरलेला कुणावर तरी निघायलाच हवा होता. त्या मुलाकडे वळल्या. "आणि तू रे मुडद्या, दात काय काढतोस?"

"काय म्हणाल्या त्या?" कॉलिनने हळूच आर्याला विचारलं.

"डेड बॉडी," आर्या आनंदाने म्हणाली. "लाडात असली की मलापण 'मेले' म्हणते. म्हणजे मीपण डेड."

कॉलिनचा चेहरा खर्रकन उतरला. "स्वतःच्या मुलाला? प्रेत म्हणतात?"

"अहो, ती काय शिवी आहे?" बेबीताई गडबडून मराठीतच बोलल्या. "आपला तोंडातला शब्द तो! मनात काही नसतं!" बोलल्या आणि जीभ चावली. प्रियदर्शिनीने ते भाषांतर करून सांगितलं. कॉलिन समजूतदार निघाला. हसू दाबून त्याने मुकाट्याने भाकरी मोडली. मग मात्र सगळेच हसले, बेबीताईसुद्धा.

पण बेबीताईंच्या मनातली टोचणी अजून गेली नव्हती. शब्दाचं जाऊ दे, तो माणूस मनाचा निर्मळ होता, एवढं त्यांना कळत होतं. त्या उज्ज्वलच्या शेजारी बसल्या आणि खाली मान घालून म्हणाल्या, "त्याला काही माहीत नव्हतं रे. पण तू हसलास. तुझे बाबाही असेच हसले होते. मला वाटलं, इथे रोजच असं कुणी काही बोलतं आणि तू रोजच हसतोस."

उज्ज्वलचा चेहराच पडला. कॉलिनने प्रियदर्शिनीकडे पाहिलं, तिने दोन वाक्यांत त्याला काय ते सांगितलं.

"हा? ऐकून घेतो?" कॉलिन जवळजवळ ओरडलाच. "उज्ज्वल, तू आईला त्या मीटिंगचं सांगितलं नाहीस?"

"जाऊ दे ना, कॉलिन."

"कसली मीटिंग?" बेबीताईंनी विचारलं. आता त्यांचा आवाज मुख्याध्यापिकेचा होता आणि त्या आवाजापुढे उज्ज्वलचं काही चालायचं नाही.

त्याने सांगितलं. गेल्या वर्षी भारतातून एक मोठे अधिकारी आले होते. आपल्या महाराष्ट्रातलेच. अतिशय गोड बोलणं, तोंडात कधी वावगा शब्द नाही. भर मीटिंगमध्ये त्यांनी उज्ज्वलचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि इतरांना कळू नये म्हणून मराठीत, हसत हसत म्हणाले, "वा! म्हणजे तिकडे सगळं सवलतीत मिळालं असेल. इथे मात्र काम करून दाखवावं लागतं हं!"

बेबीताईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "मग?"

"मग मी म्हटलं, सर, जे बोललात ते सगळ्यांना समजेल असं इंग्रजीत बोला. ते म्हणाले, अरे, गंमत केली. म्हटलं, गंमत असेल तर सगळेच हसतील. ते बोलेनात. मग मीच उभा राहिलो आणि शब्दन्शब्द इंग्रजीत सांगितला. त्याचा अर्थ काय तेही सांगितलं. आणि म्हटलं, यांनी माफी मागितल्याशिवाय मी हे काम पुढे दाखवणार नाही."

"मी म्हटलं, ब्लडी राइट!" कॉलिनला राहवलं नाही. मराठी त्याला कळत नव्हतं, पण गोष्ट कुठवर आली ते बरोबर कळलं होतं. लगेच त्याने घाबरून बेबीताईंकडे पाहिलं. बेबीताईंचं लक्षच नव्हतं.

"मागितली माफी?"

"मागितली. सगळ्यांसमोर."

"मला का नाही सांगितलंस रे?"

"नोकरी जाईल की राहील याचा तेव्हा भरवसा नव्हता, आई. तू तिकडे एकटी. काळजी करत बसली असतीस."

बेबीताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. परक्या माणसासमोर त्या कधी रडल्या नव्हत्या. आज रडल्या आणि त्याची त्यांना जराही लाज वाटली नाही. त्यांनी मुलाचा दंड धरला.

"परत सांग," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग. घाई करू नको."

उज्ज्वलने परत पहिल्यापासून सांगितलं. त्या माणसाचं तोंड कसं झालं, कोण कुठे बसलं होतं, सगळं सांगितलं. बेबीताई एकेक शब्द कानांत साठवत होत्या.

"आणि तेव्हा तू हसलास का रे?"

"नाही, आई. अजिबात नाही."

"बरं झालं," बेबीताई म्हणाल्या, आणि आर्याने पुढे केलेल्या टिश्यूने त्यांनी नाक पुसलं.