वांग्याच्या दोन ओळी

माही मोहिनी डेंगूनं गेली तवा तिचं लग्न जुळलं होतं. राख नदीत सोडाची, तर आमच्या रजतनं मोडता घातला. तिचा लहाना भाऊ, आर्वीच्या कॉलेजात बीएस्सी शिकते. म्हणे, "आई, काहीच नष्ट होत नाई. राखेतलं सारं झाडात जाते. ताई आपल्याच वावरात राहीन."

आमचे हे पोराच्या तोंडाकडे पाहातच राह्यले. मंग नुकत्याच लावलेल्या वांग्याच्या एका ओळीले त्यायनं राख टाकली, अन् तवापासून माणूस तिथंच बसून. झाडाईसंग बोलून राह्यले. घरी ताट वाढलं का दोन घास खाऊन सरकवून देत. म्हणे, "मोहिनी येईन तवाच पोटभर जेवीन." दोन घासावर अन् चहावर किती दिवस निघन माणसाचे?

मले असा राग ये! अवो, राखेनं वांगं वाढतेच. कीड पडली का आपण चुलीतली राख नाई टाकत का? पण खरं सांगू, मलेबी पाहिजे होती ती. कोणत्याबी रूपात येवो बाप्पा, पण येवो. म्हून मी कोणाले न सांगता बाजूच्या ओळीले चुलीची राख टाकली. म्हटलं, मोहिनीची ओळ वरचढ झाली तर मानीन, पोरगी आली.

दोन्ही ओळी सारख्याच वाढल्या. मी मोहिनीच्या ओळीले जास्तीचं पाणी सोडलं, शेणखत टाकलं, हात जोडले. लबाडीच केली म्हणा ना. तरी पयलं वांगं लागलं ते चुलीच्या ओळीले. तिच्या झाडाईले अजून फुलंच होते. मी वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच मटकन बसली. कशी रडली ते विचारू नका.

दोनतीन दिवसानं हे दुपट्ट्यात काही धरून घरी आले. चेहरा कसा फुललेला!

"पाह्य व, आली."

दुपट्ट्यात वांगं होतं. तेच.

"ओळखलं का तुवा?"

रजत माह्याकडे पाहून राह्यला होता. मी म्हटलं, "हो जी. ओळखलं."

"मंग रांध. पोरीनं बापाले जेवाले पाठवलं."

भाजी केली. हे डोळे पुसत पुसत दोन भाकरी जेवले. मंग आपल्या हातानं मलेबी घास भरवला. मी लय वेळ चावला. वांगंच लागलं, बाई, नुसतं वांगं.